कुणी न बघितलेला तास

शिक्षक निवडणं हे कुठल्याही समाजाचं सर्वांत गंभीर काम आहे, कारण एक चुकीचा शिक्षक पिढ्या बिघडवतो आणि एक चांगला शिक्षक पिढ्या घडवतो. हे वाक्य आमचे विभागप्रमुख दरवर्षी नव्या प्राध्यापकांच्या स्वागत समारंभात वाचतात. ज्या कागदावरून वाचतात त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तो नेमका ‘घडवतो’ या शब्दावर पडल्यामुळे तिथे सर क्षणभर थांबतात, डोळे बारीक करतात. श्रोत्यांना वाटतं, त्यांना गहिवरून आलं.

आमचा विभाग शिक्षणशास्त्राचा. शिकवायचं कसं, हे आम्ही शिकवतो. हा धंदा एकदा अंगात मुरला की माणसाला कुठेच स्वस्थ बसवत नाही. आमच्यातले एकजण दाढ काढून आले, तर दुखतंय ही त्यांची तक्रार नव्हती. दंतवैद्याने सुरुवातीला उद्दिष्ट स्पष्ट केलं नाही, ही होती.

नव्या माणसाची ओळख करून द्यायची आमची रीतही त्यामुळे जरा वेगळी आहे. आम्ही पदव्या वाचत नाही. पूर्वी वाचायचो. एका वर्षी एका गृहस्थांच्या पदव्या, परिषदा आणि शोधनिबंध वाचता वाचता सभागृहातली वीज गेली, बऱ्याच वेळाने परत आली, तरी वाचन चालूच होतं. मधल्या अंधाराचा फायदा घेऊन प्रमुख पाहुणे घरी गेले होते. तेव्हापासून ठरलं, की विभागातल्या एकाने नव्या माणसाचा एक तास मागच्या बाकावर बसून बघायचा आणि व्यासपीठावर फक्त बघितलेलं सांगायचं. ऐकीव नाही, वाचीव नाही. शेवटी एक सूचना द्यायची. ही सूचना नियमात कुणी मुद्दाम घातली नाही. सूचना न देता तास बघणं आमच्या लोकांच्या प्रकृतीलाच झेपत नाही, म्हणून ती आपोआप आली.

यंदा तिघं नवीन होती. पहिली गणिताची मुलगी. ती बोलताना हवेत बोटाने आकडे लिहायची आणि चुकलं तर हवाच पुसायची. दुसरा एक उंच मुलगा. आमच्याच विभागात शिकून परदेशी गेला, तिथून पदवी घेऊन परत आला, आणि प्रत्येक दारातून वाकून येऊ लागला, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव लंबू पडलं. आणि तिसऱ्या बाई.

बाईंना नवीन म्हणायला जीभ रेटत नाही. त्या इथे किती वर्षं आहेत असं विचारलं तर त्या इमारतीच्या रंगावरून सांगतात. पिवळी होती तेव्हा आल्या, मग ती पांढरी झाली, मग हिरवी झाली आणि कुणालाच आवडली नाही, मग परत पिवळी. एवढा सगळा काळ त्या तासावर होत्या. जेवढे तास घ्यायचे तेवढंच नातं. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची, सुट्टीनंतर नवी मुलाखत व्हायची आणि तीच तीन माणसं टेबलापलीकडून त्यांना विचारायची, “आमच्या विभागाबद्दल आपल्याला काय माहिती आहे?” मुलाखतीच्या खोलीची किल्ली बाईंकडेच असे. खोली उघडून देऊन त्या बाहेर जायच्या, आणि मग त्यांना आत बोलावलं जायचं.

यंदा पद मंजूर झालं, रीतसर निवड झाली आणि बाई कायम झाल्या. नव्या लोकांना परिसर दाखवायला मुख्य कार्यालयाने एक कारकून पाठवला. तो तिघांना घेऊन निघाला. ग्रंथालयाचं पुढचं दार बंद बघून घुटमळला, तेव्हा बाई म्हणाल्या, “मागून चला, तिकडची कडी नुसती लावलेली असते.” फेरी संपता संपता तो कारकून बाईंनाच विचारत होता, की अहो, रजेचे अर्ज हल्ली कुठल्या मजल्यावर घेतात?

हे सगळं गमतीचं. पण बाईंच्या घरी ते गमतीचं नव्हतं.

बाई आईबरोबर राहतात. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिचा सगळा जन्म ड्युटीत गेला. रुजू झाली त्या दिवशी मेट्रनने सगळ्या वॉर्डासमोर तिचं नाव घेतलं होतं, निवृत्त झाली त्या दिवशी परत घेतलं, आणि या दोन टोकांच्या मध्ये जे असतं त्याला नोकरी म्हणतात अशी तिची सरळ व्याख्या. मुलगी रोज सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी घसा बसून येते आणि उन्हाळा लागला की घरात दिसायला लागते. आईला या प्रकारात नोकरी कुठे दिसेना. कुणी विचारलं, “मुलगी काय करते हो?” तर ती म्हणायची, “घरीच असते. मधूनमधून जाते मदतीला.”

बाई शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत असायच्या. ऐकायच्या.

एकदा त्या म्हणाल्याही होत्या, “आई, मदतीला काय? शिकवते मी.”

“अगं, शिकवतेस ना, नाही कोण म्हणतंय? पण तिथे कुणी कधी चारचौघांत म्हणालंय का, ही आमची आहे? नाही ना? मग ती मदत.”

आईच्या शब्दांत दुष्टपणा नव्हता, म्हणून जास्त लागायचं. त्यामुळे स्वागत समारंभाची तारीख कळली त्या दिवशी बाई घरी जाऊन पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “शनिवारी कुठे जाऊ नकोस. तुला माझ्याबरोबर यायचंय.”

बाईंची ओळख करून द्यायचं काम मूल्यमापनवाल्या सरांकडे आलं. हे सर परीक्षा या विषयातले जाणते. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते शेरा देतात. उपाहारगृहातल्या चहाला ते ‘समाधानकारक’ म्हणतात. लग्नात नवरीच्या वेशातल्या स्वतःच्या बायकोला बघून ते ‘उल्लेखनीय’ म्हणाले होते, आणि ती ते अजून विसरलेली नाही.

“बाईंचा तास कधी बघताय?” विभागप्रमुखांनी त्यांना सोमवारी विचारलं.

“बघायचंय काय त्यात? आपल्याच आहेत त्या.”

“नियम आहे.”

“बघतो हो. पळून जातायत का बाई?”

बाई पळून जात नव्हत्या, हे खरंच होतं. पळून न जाणाऱ्या माणसाकडे आपण निवांत बघू, असं सगळ्यांनाच वाटतं. त्या आठवड्यात गणितवालीचा तास बघून झाला, लंबूचाही झाला. गुरुवारी दुपारी शिक्षकांच्या खोलीत मानसशास्त्राच्या मॅडमनी सहज विचारलं, “सर, बाईंचं झालं का?”

“तेच म्हणतो. तुम्ही दोन गोष्टी सांगा ना मला. तुम्ही बघितला असेल की त्यांचा तास. शेजारशेजारचे वर्ग तुमचे.”

“मी? मी कशी बघणार? माझे तास त्या घ्यायच्या तेव्हा मी...” मॅडम तिथेच थांबल्या.

“तेव्हा तुम्ही?”

“तेव्हा तुम्ही कुठे असायचात, ते आधी सांगा.”

ज्यांच्या चहात साखर केव्हाच विरघळली होती तेही चमचा फिरवत बसले.

याचं कारण असं. आमच्या विभागात ‘बाई, जरा बघाल का?’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी होतं. मॅडमच्या सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचे तास बाईंनी बघितले. सरांची कंबर धरली तेव्हा सरांचे बघितले. विभागप्रमुख परिसंवादांना जातात, आणि परिसंवाद जगात कुठे ना कुठे चालूच असतात, तेव्हा प्रमुखांचे बघितले. आजारपणं खरी होती, अडचणीही खऱ्या होत्या. फक्त हजेरीपटावर त्या सगळ्या दिवशी आम्ही सगळे हजर होतो. त्यामुळे बाईंच्या शिकवण्याबद्दल जे जे काही सांगण्यासारखं होतं ते ते घडलं तेव्हा सांगणारा तिथे नव्हता, आणि नव्हता हे सांगायची सोय नव्हती. ज्याचे उपकार मानायचे त्याचं नाव घेतलं की आपणच पकडले जाणार, असा मोठा चमत्कारिक पेच होता.

“अहो, मग उद्या बघा ना,” मॅडम म्हणाल्या. “उद्याचा दिवस आहे की.”

“उद्या बघतोच,” सर म्हणाले.

शुक्रवारी सर लवकर आले, पेन तपासून घेतलं आणि वर्गाकडे निघाले. सगळा मजला रिकामा होता. परीक्षेआधीची वाचन-सुट्टी त्याच दिवसापासून सुरू झाली होती. ती जाहीर करणारी सूचना जिन्यात लावलेली होती आणि तिच्याखाली सही सरांची होती. सरांनी ती दोनदा वाचली. आपल्याच सहीकडे माणूस एवढ्या रागाने बघताना मी पहिल्यांदाच पाहिला.

सभागृहात बाई होत्या. दुसऱ्या दिवशी ज्यांचं स्वागत व्हायचं होतं त्यांच्यापैकी त्या एक होत्या, पण सभागृहाची किल्लीही त्यांच्याकडेच होती, त्यामुळे खुर्च्या त्याच लावत होत्या. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर त्यांनी ‘राखीव’ असं लिहून चिकटवलं होतं.

“कुणासाठी?” सरांनी विचारलं.

“आईसाठी. उद्या येतेय ती.”

“वा, वा! आणा की.”

बाईंनी चिकटपट्टीचं टोक नखाने दाबलं. “सर, तुम्ही माझा तास बघितला नाहीत.”

“म्हणजे काय आहे, बाई...”

“मला माहितेय. मागचा बाक कुरकुरतो. कुणी बसलं की फळ्याकडे तोंड असलं तरी कळतं. या आठवड्यात कुणी बसलं नाही.”

सर गडबडले. “तुम्ही काळजीच करू नका. मी छान बोलतो. बघाच तुम्ही, असं छान बोलतो की...”

“छान नको, सर.” बाई खुर्चीवर बसल्या. “आईपुढे छान बोलून चालत नाही. वॉर्डात पेशंटला चार-चार दिवस भेटायला न येणारे नातेवाईक शेवटच्या दिवशी काय छान बोलतात, ते तिने आयुष्यभर ऐकलंय. तिला लगेच कळतं. तुम्ही फक्त माझं नाव घ्या आणि ही इथे शिकवते म्हणा. पण तिला पटेल असं म्हणा. ती लोकांना सांगते, मुलगी घरीच असते. तेवढं तिने बदलावं, बाकी मला काही नको.”

सरांनी खिशातलं पेन काढलं. “मग असं करा, आत्ता घ्या एक तास. मी बसतो मागे. मला शिकवा.”

“तुम्हाला एकट्याला?”

“हो.”

“एकट्याला शिकवलं तर ती शिकवणी होते, सर. तास नाही होत.” एवढं बोलून बाई पुढच्या रांगेतल्या खुर्च्या सरळ करायला उठल्या.

शनिवारी सभागृह भरलं. कुलगुरू मॅडम आल्या. त्या मूळच्या रसायनशास्त्राच्या, त्यामुळे कुणी काहीही म्हणालं की “कशावरून?” असं विचारायची त्यांना सवय. त्यांच्या येण्याने विभागातल्या निम्म्या लोकांची आधीच पाचावर धारण बसली होती. ‘राखीव’ खुर्चीवर बाईंची आई बसली होती. ताठ पाठ, इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला वळवलेलं, जशी परिचारिकांना नाडी मोजायला सवय असते तसं. विभागप्रमुख वाकून नमस्कार करायला गेले तर तिने त्यांच्या खालच्या पापणीकडे बघितलं आणि म्हणाली, “रक्त कमी आहे का तुम्हाला?”

प्रमुखांनी कागद वाचला, डागापाशी थांबले. गहिवर झाला.

मग मानसशास्त्राच्या मॅडमनी गणितवालीची ओळख करून दिली. “अपूर्णांक शिकवताना हिने सगळ्या वर्गाला कागदाच्या घड्या घालायला लावल्या. मलाही लावल्या. माझी घडी चुकली, तर ही म्हणाली, छान, आता सगळ्यांनी मॅडमची घडी बघा. सूचना अशी, की निरीक्षकाला उदाहरण करू नये.” लोक हसले. लंबूची ओळख प्रमुखांनी करून दिली. “मुलगा वर्गात शिरला आणि सरळ खाली बसला. म्हणाला, मी उभा राहिलो तर तुमच्या माना दुखतील. चर्चा उत्तम झाली. नंतर मात्र उठून फळ्याच्या अगदी वरच्या भागात लिहिलं. सूचना, पुसणाऱ्याचा विचार करावा.” टाळ्या पडल्या.

नंतर मूल्यमापनवाले सर उठले. त्यांनी ध्वनिक्षेपक नीट केला. तो नीटच होता.

“आता ज्यांची ओळख करून द्यायची,” सर म्हणाले, “त्या म्हणजे आपल्या विभागाचा कणा. एक निष्ठावान, कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख...”

आई मुलीकडे वळली आणि पहिल्या तीन रांगांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, “हसतमुख कोण?”

“...आणि अष्टपैलू व्यक्तिमत्त्व...”

“सर,” कुलगुरू मॅडम म्हणाल्या, “तुमच्याकडे बघितलेलंच सांगायची पद्धत आहे ना? तुम्ही काय बघितलंत?”

सर थांबले. वेळ मारून नेण्यासाठी माणसाकडे जे जे असतं ते सगळं त्यांनी केलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, खिशातला रुमाल काढून त्याच खिशात ठेवला. पहिल्या रांगेत आई त्यांच्याकडे बघत होती. तिने हात आवरून मांडीवर ठेवले होते. माणूस खरं बोलायला लागेपर्यंत हात असे ठेवायचे, हे ती वॉर्डात शिकली होती. बाई खाली बघत होत्या.

“मी काहीच बघितलेलं नाही,” सर म्हणाले.

त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

“मी यांचा एकही तास बघितलेला नाही. शेरा द्यायचा तर मला शून्य. पण का बघितला नाही तेही सांगतो. माझी कंबर धरली होती, मी घरी पालथा पडून होतो, आणि माझे वर्ग या घेत होत्या. एकदा नाही, कितीतरी वेळा. परीक्षा झाली तेव्हा माझी मुलं पास झाली, मी ते माझ्या नावावर लिहिलं. हजेरीपटावर मी त्या सगळ्या दिवसांत आहे.” सरांनी कुलगुरूंकडे बघितलं. “मी नव्हतो. या होत्या. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, कारण आभार मानले तर मी नव्हतो हे कळलं असतं. ते आता मानतो.”

कुलगुरू मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. ते बघून सभागृहातल्या प्रत्येक प्राध्यापकाने आपापल्या बुटांकडे बघितलं. अशा वेळी शहाणा माणूस मूग गिळून बसतो. आमच्याकडे शहाण्या माणसांची वाण नाही. तरीही मानसशास्त्राच्या मॅडम उठल्या.

“माझेही तास,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंचे डोळे. आणि नंतर... डोळे बरे झाल्यावरही थोडे दिवस.”

मागून कुणीतरी उठलं. “माझी बदली चाललेली तेव्हा.” आणखी कुणी, “मुलगा दहावीला होता.” एकजण नुसतेच उठले, काही न बोलता बसले, आणि आम्हाला सगळ्यांना समजलं. शेवटी खुद्द विभागप्रमुख उभे राहिले. हातात काही कागद नव्हता, त्यामुळे त्यांना पहिलं वाक्य सापडायला वेळ लागला. “परिसंवाद,” ते म्हणाले. “सगळे. आणि त्यातल्या काहींना मी गेलोही नव्हतो. बाई, मनापासून आभार.”

कुलगुरू मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे मला एवढंच सांगा, या विभागात हजर कोण असतं?”

प्रश्न आम्हाला होता. उत्तर पहिल्या रांगेतून आलं.

“माझी मुलगी,” आई म्हणाली.

ती उठली नव्हती. आवाजही चढवला नव्हता. ड्युटी संपवून जाताना पुढच्या पाळीला सांगावं, तसं सांगितलं. बाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचा कान लाल झाला, तो बाजूने आम्हाला दिसला.

“ते कळलं,” कुलगुरू मॅडम म्हणाल्या. “पण नियमाप्रमाणे ओळख राहिलीच. तास बघितलेलं इथे खरंच कुणी नाही?”

“मी आहे,” लंबू म्हणाला आणि उठला. तो उठायला लागला की बराच वेळ उठत राहतो. “मी इथे विद्यार्थी होतो. मागच्याच बाकावर बसायचो, पाय तिथेच मावायचे. वर्षभर यांचे तास बघितलेत. यांचे म्हणजे, वेळापत्रकावर दुसऱ्यांची नावं होती.”

“बोला.”

“बाई कधीच ‘समजलं का?’ असं विचारत नाहीत. त्या म्हणतात, समजलं का विचारलं की वर्ग हो म्हणतो, हो म्हणणं हा वर्गाचा स्वभावच आहे. त्या विचारतात, ‘कुठे सुटलं?’ पहिल्या दिवशी कुणीच बोललं नाही. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला घाई नाही. आम्हाला होती, पण त्यांना नव्हती. शेवटी एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, बाई, मला पहिल्यापासूनच सुटलं. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरं झालं, मीही जरा भरधावच गेले होते. आणि पहिल्यापासून परत घेतलं. दुसऱ्यांदा शिकवताना माझ्या लक्षात आलं, की मलाही सुटलेलं होतं, फक्त मला ते माहीत नव्हतं.” लंबू पुढे म्हणाला, “परदेशात माझी निवड झाली तेव्हा तिथल्या लोकांनी वर्ग घ्यायला लावला. मी शेवटी तेच विचारलं. कुठे सुटलं? ते लोक म्हणाले, हे तुम्ही कुठे शिकलात? मी विभागाचं नाव सांगितलं. बाईंचं सांगायला हवं होतं.”

“आणि सूचना?” कुलगुरू मॅडमनी विचारलं. रसायनशास्त्राच्या असून त्यांना आमची पद्धत पाठ झाली होती.

लंबूने विचार केला. “सूचना, बाईंनी कधीतरी आजारी पडावं.”

सभागृह एवढं हसलं की ध्वनिक्षेपकाने शिट्टी मारली. त्या गोंधळात मूल्यमापनवाल्या सरांनी बाईंचं पूर्ण नाव घेतलं, मग विभागाचं घेतलं, मग मध्ये ‘आमच्या’ हा शब्द राहिला होता म्हणून सगळं परत पहिल्यापासून घेतलं. बाई व्यासपीठावर गेल्या. त्यांना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, “ज्यांनी ज्यांनी तास दिले, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. मला सगळ्याच विषयांचा अभ्यास झाला.” यात टोमणा आहे का, यावर विभागात अजून दोन मतं आहेत. माझं विचाराल तर नव्हता. चेहरा अगदी साधा होता, आणि डोळे भरलेले होते.

चहाच्या वेळी एक वेगळंच दृश्य दिसलं. मानसशास्त्राच्या मॅडम आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, “आई, तुमच्या मुलीचे फार उपकार आहेत हो आमच्यावर.”

“ते ऐकलं मी,” आई म्हणाली. “सासूबाईंचा कुठला डोळा?”

“डावा.”

“पाणी येतं का अजून? थेंब बंद केलेत का मनानेच?”

मॅडमनी मनानेच बंद केले होते. मग मूल्यमापनवाले सर आले, आभार मानायला म्हणून आले आणि पाच मिनिटांत पाठमोरे उभे राहून कंबर दाखवू लागले. आईने अंगठा दाबला, सर ओय ओय करत उडाले. “हाडाचं नाही, शिरेचं आहे,” आई म्हणाली. “आणि एवढं वाकून पेपर तपासायचे नाहीत. टेबल उंच करून घ्या.” त्यांच्या मागे रांग लागली. प्रत्येकजण आधी आभार मानायचा, मग दुखणं सांगायचा. आईने कुणालाही नुसतं सोडलं नाही. विभागप्रमुखांची नाडी बघून मात्र ती बाईंकडे वळून म्हणाली, “यांना काही झालेलं नव्हतं.”

“माहितेय, आई.”

“मग का घेतलेस तास?”

“वर्गात मुलं बसलेली असायची ना.”

आईने घड्याळाकडे बघितलं, जणू यात किती वेळ गेला ते मोजत होती. मग मुलीच्या खांद्यावरचा पदर नीट केला. तो नीटच होता.

घरी जाताना बाईंनी रिक्षा केली. आई नेहमी बसने जाऊ म्हणते, त्या दिवशी काही म्हणाली नाही. हे मला बाईंनी नंतर सांगितलं आणि सांगताना खडूचं खोकं उगाचच उघडून मिटलं.

पुढच्या आठवड्यात कुलगुरू कार्यालयाकडून पत्र आलं. कुणावर कारवाई नव्हती. फक्त यापुढे हजेरी रोज प्रत्यक्ष बघून घ्यावी, आणि हे काम प्रथेप्रमाणे विभागातल्या सर्वांत कनिष्ठ प्राध्यापकाकडे द्यावं, असं होतं. सर्वांत शेवटी रुजू झालेलं कोण, ते बघितलं, तर त्या बाई निघाल्या. त्या रोज सकाळी दारात उभ्या असतात आणि आम्ही सगळे वेळेवर येतो. त्यांना बघून मला अजूनही आभार मानावेसे वाटतात. मी मानतोही. त्या म्हणतात, “सही इथे करा.”

आणि आई आता कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर तोंडभर सांगते की विद्यापीठात शिकवते. लोक म्हणतात, “अरे वा! कधीपासून?”

“परवापासून,” आई सांगते.

कागदोपत्री ते बरोबर आहे.